चिठ्ठीत कुणी खोटं लिहीत नाही

४ जून

ताई,

अकरा वर्षांनी पत्र लिहिताना सुरुवात कशी करायची असते ते मला कुणी शिकवलेलं नाही. खुशाली विचारतात, तर ती विचारली असं धर. मी बरी आहे. डावा गुडघा कुरकुरतो, चष्म्याचा नंबर वाढलाय, नवरा आहे तसाच आहे.

फोन का नाही केला? फोनवर तू गप्प बसतेस. तुझ्या गप्प बसण्याला बाबासुद्धा बिचकायचे, तिथे माझी काय कथा. कागदावर निदान मला तरी बोलता येतं.

आता कामाचं. तू माझं एकही पुस्तक वाचलेलं नाहीस. बाबा गेले त्या दिवशी भरल्या घरात तू म्हणालीस, "असलं भुताखेताचं मी घरात आणलेलं नाही आणि आणणारही नाही." म्हणून तुला माहीत नसेल, की गेली वीस वर्षं मला लोक एकच प्रश्न विचारतात. बाई, तुम्ही दिसायला साध्यासुध्या, मग ही एवढी भीती आणता कुठून? आणि मी एकच गोष्ट सांगते. ती आज तुलाही सांगते. तू परकी आहेस असं समजून ऐक, आणि कुठे चुकलं ते सांग.

मी सांगते की मी एका छोट्या गावात वाढले. वडील प्रार्थनाघराचे प्रमुख होते. आमच्यात मूर्ती नाही, चित्र नाही, देव दिसत नाही, फक्त बघत असतो. दर शुक्रवारी संध्याकाळी सात वर्षांवरच्या प्रत्येकाने निळ्या कागदाच्या चिठ्ठीवर आठवड्यातलं एक पाप लिहायचं. नाव घालायचं नाही. चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात टाकायची. प्रार्थना झाली की माझी मोठी बहीण तो डबा मागच्या खोलीत नेऊन शेगडीत रिकामा करायची. चिठ्ठ्या न वाचता जाळायच्या असा नियम होता. माणसाने वाचायचं नाही, धूर वर जातो आणि तो देव वाचतो.

कोरी चिठ्ठी मात्र चालायची नाही. कोरी चिठ्ठी म्हणजे गर्वाची चिठ्ठी. आता मी नऊ वर्षांची, शिस्तीत वाढलेली, भित्री पोर. पापं आणणार कुठून? दूध सांडलं, प्रार्थनेत जांभई दिली, हे सगळं दोन वर्षांत लिहून संपलं. मग मी वर्गातल्या मुलींची पापं उसनी घ्यायला लागले. तीही संपली तेव्हा रचायला लागले. (इथे लोक हसतात.) आणि एका शुक्रवारी मी लिहिलं: "शिवणबाईंच्या आतल्या खोलीत मुंडकं नसलेला देव आहे. बाईंनी मला त्याच्यापुढे डोकं टेकवायला लावलं आणि मी टेकवलं."

चिठ्ठी जळाली. कुणी वाचली नाही. आणि आठच दिवसांत बाबा सभेतल्या चार वडीलधाऱ्यांना घेऊन शिवणबाईंच्या दुकानात उभे राहिले. दोन महिन्यांत बाई गावातून गेल्या. बाबांनी मला एका शब्दाने काही विचारलं नाही. मग त्यांना कळलं कसं? मी सभागृहात इथे थांबते. हळूच म्हणते, "तेव्हापासून मला माहीत आहे, आपण लिहितो ते कुणीतरी वाचतं." टाळ्या. माझी अकरा पुस्तकं त्या धुरातून आली आहेत, असं मी म्हणते, आणि ते मला स्वतःलाही पटलेलं होतं.

गेल्या महिन्यात हीच गोष्ट माझ्या मुलाखतीत एका साप्ताहिकात आली. त्यावर एका बाईचं पत्र आलं. लिहिणारी शिवणबाईंची भाची आहे. लिहिते, "तुम्ही म्हणता चिठ्ठी जळाली. पण माझी आई सांगायची, की मावशीसमोर तुमच्या वडिलांनी खिशातून निळी चिठ्ठी काढून वाचून दाखवली होती. हातात दिली नाही, पण मावशीने ती डोळ्यांनी पाहिली."

ताई, तू त्या चिठ्ठ्या जाळत होतीस की नाही? हो किंवा नाही, एवढंच लिही.

धाकटी

२३ जून

ताई,

तुझं कार्ड मिळालं. सहा ओळी. पहिलीत छत गळतंय, दुसरीत प्रार्थनाघराला नवा रंग दिला, तिसरीत रंगाचा वास अजून जात नाही. शेवटी, "जुनं उकरून कुणाचं भलं झालंय? चिठ्ठ्या बाबा सांगतील तशा हाताळल्या."

हाताळल्या! हा काय शब्द झाला? भाजी हाताळतात, ताई. मी हो किंवा नाही विचारलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही सवय आपल्या घरात सगळ्यांनाच होती, पण तू त्यात पहिला नंबर काढलास.

मला काय पणाला लागलंय ते तुला कळावं म्हणून लिहिते. मी आता माझ्या आयुष्यावर पुस्तक लिहितेय. भुतंखेतं नाहीत, खरंखुरं. त्यातलं तिसरं प्रकरण त्या चिठ्ठीचं आहे. बाकी पुस्तक छापायला तयार आहे, त्या प्रकरणासाठी प्रकाशकाला मी ऑगस्टपर्यंत थांबवून ठेवलंय. भाचीच्या पत्रापासून मला ते प्रकरण वाचवत नाही.

आणि दुसरं. शिवणबाई जिवंत आहेत. एक्क्याऐंशी वर्षांच्या. तुझ्यापासून बसने तासाभरावर राहतात. भाची दूर असते, तिचं त्यांच्याशी फोनवर बोलणं होतं, पण मावशी जुन्या दिवसांबद्दल तोंड उघडत नाही म्हणते. तिने मला पत्ता पाठवलाय. मी जाणार आहे. सदतीस वर्षांनी का होईना, त्या बाईची माफी मागायची आहे. पण जाऊन काय सांगू? देवाने वाचलं आणि तुम्हाला घालवलं, असं? की माझ्या घरातल्या माणसांनी वाचलं?

पुस्तकाबद्दल तुला वाटत असेल की मी बाबांना चव्हाट्यावर आणणार. तसं नाही. मला लिहिता येतं ते बाबांमुळे, हे मी पहिल्याच पानावर लिहिलंय. प्रवचन करताना ते आधी एक घर उभं करायचे. साधं घर. चूल पेटलेली, कपडे वाळत घातलेले. मग त्या घरात एक बंद दार दाखवायचे. आणि दारामागे काय आहे ते सांगायचेच नाहीत. पाणी प्यायचे. अख्खं प्रार्थनाघर श्वास धरून, आणि ते सावकाश पाणी पीत असायचे. माझ्या प्रत्येक पुस्तकात ते पाणी पिणं आहे. समीक्षक त्याला मोठमोठी नावं देतात.

तुला भीती कशाची आहे? बाबा नाहीत. सभेतले ते चौघेही गेले. उरलो आपण दोघी.

हो की नाही?

धाकटी

९ जुलै

तर तू वाचायचीस.

तुझं पत्र आल्याला चार दिवस झाले. चारही दिवस मी नवऱ्याशी धड बोललेले नाही. त्याने शेवटी विचारलं, "कुणी गेलं का?" मी म्हटलं, "हो, देव." त्याला वाटलं थट्टा करतेय.

तेराव्या वर्षापासून वाचायचीस. मागच्या खोलीत दाराला कडी लावून. लहान पापं शेगडीत, "लक्ष ठेवण्यासारखी" पापं खिशात. आणि शनिवारी सकाळी बाबा आरशासमोर दाढी करताना तू त्यांना ती वाचून दाखवायचीस, आणि गालावर वस्तरा असल्यामुळे ते फक्त "पुढची" एवढंच म्हणायचे. हे तू इतकं नीट लिहिलंयस, की तूसुद्धा लेखिका व्हायला हरकत नव्हती.

आता मला एकेक आठवतंय. मी बरणी फोडली आणि चिठ्ठीत लिहिलं, तर रविवारी प्रवचन नेमकं काचेवर. पोटात दुखतंय म्हणून खोटं सांगून मी प्रार्थना चुकवली, तर सोमवारी आईच्या हातात एरंडेल. रात्री अंथरुणात पाय पोटाशी घेऊन झोपायचे, कारण पाय लांब केले तर तेही त्याला दिसतील असं वाटायचं. सर्वज्ञ, सर्वसाक्षी, काय काय शब्द होते. आणि तो सर्वसाक्षी कोण, तर माझ्याच शेजारी झोपणारी, दोन वेण्या घालणारी, नखं खाणारी तू! माझा देव तू होतीस, ताई. आयुष्यभर मी ज्याला घाबरले, ज्याच्या भीतीवर माझं घर चाललं, ते सगळं तू शनिवारी सकाळी वाचून दाखवत होतीस.

मला फसवल्यासारखं वाटतंय असं लिहिणार होते. पण वाटतंय कशाला म्हणू? फसवलंच तुम्ही मला.

बरं, ते राहू दे. दुकानाचं बोलू. त्या दिवशी मी तिथे होते हे तुला माहीत नाही. काचेच्या दाराबाहेर, जिथे बाई कापडाचे ताके उभे करायच्या, त्यांच्या मागे. तू दोन वर्षं शाळा सुटली की बाईंकडे शिकायला जायचीस. काज करायला, तुरपाई करायला, मग गळा कापायला. आतल्या खोलीतला तो "देव" म्हणजे कपडे बेतायची डमी होती, लाकडी पायाची, वर मान तोडल्यासारखी. तिच्यावर तू रोज टाचण्या लावायचीस. गावात ती काय आहे हे कुणाला सगळ्यात नीट माहीत असेल, तर बाईंना आणि तुला.

बाबांनी चिठ्ठी वाचली तेव्हा बाई आधी हसल्या. आत जाऊन डमीच उचलून आणली. म्हणाल्या, "हा घ्या तुमचा देव. छाती छत्तीस, कंबर तीस. आणखी काय बघायचंय?"

त्यावर बाबा जे म्हणाले ते मी कधीच विसरले नाही. "ते काय आहे याला महत्त्व नाही. एका मुलीने त्याच्यापुढे डोकं टेकवलंय."

"मी कुणाला टेकवायला लावलं नाही. पोरीने काहीतरी मनाचं लिहिलंय."

"चिठ्ठीत कुणी खोटं लिहीत नाही, बाई."

आणि मागचे चौघे माना हलवायला लागले. मला तेव्हाही कळलं होतं, की हा वाद इथे संपला. आपल्या लोकांना सगळं पटवता आलं असतं, पण देवाला लिहिलेल्या कागदावर कुणी थाप मारेल हे त्यांच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. बाबा तर स्वतःच्या बोलण्यावर आयुष्यभर विश्वास ठेवून जगले. मग त्यांनी तुझ्याकडे वळून विचारलं, "तू रोज असतेस इथे. कुणाला डोकं टेकवताना पाहिलंस?"

बाईंनी तुझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही काळजी नव्हती, ताई. तू बोलशील याची त्यांना खात्री होती.

आणि तू म्हणालीस, "मी खाली बघून तुरपाई करत होते."

बस. पुढच्या रविवारपासून बाईंकडे कुणी कपडे टाकायचे नाहीत असं ठरलं. आपल्या आईने तिचा अर्धा शिवलेला झगासुद्धा परत मागवला, त्याच्या बाह्या लागल्या नव्हत्या. दोन महिन्यांनी दुकानाला कुलूप.

तू एक वाक्य बोलली असतीस तर? का नाही बोललीस?

धाकटी

१९ जुलै

ताई,

तुझी चिठ्ठी (चिठ्ठीच म्हणते, पत्र म्हणण्याइतकी ती मोठी नाही) आली. "मी घाबरले. त्याला दुसरं कारण नाही. आता तू का लिहिलंस ते तू सांग. सभागृहात सांगतेस ते नको."

कधी कधी वाटतं, तुझ्यासमोर बसून लिहायची मला कुणी शिक्षा करावी. एकही ओळ फुकट लिहिणार नाही मी.

बरं. सांगते. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

ती डमी आहे हे मला माहीत होतं. नऊ वर्षांची होते, खुळी नव्हते. पापं संपली होती हेही खोटं. त्या आठवड्यात माझ्याकडे एक छान तयार पाप होतं, आईच्या डब्यातली साखर.

आणि तू वाचतेस हेही मला माहीत होतं. त्या शुक्रवारच्या दोन आठवडे आधी मी मागच्या खिडकीच्या फटीतून बघितलं होतं. तू शेगडीपाशी उकिडवी बसली होतीस. एकेक चिठ्ठी उघडत होतीस, ओठ हलत होते. मला राग आला नाही. खरं सांगू? मला आनंद झाला. कारण तू माझ्याशी बोलायची बंदच झाली होतीस. शाळा सुटली की दुकान, दुकान सुटलं की अभ्यास. माझी वेणी आई घालायची, ओढून ओढून. मला वाटलं, चला, निदान शुक्रवारी तरी ताई माझं काहीतरी वाचते.

म्हणजे मागे जे मी देवाबिवाचं लिहिलं, पाय पोटाशी घेऊन झोपण्याचं, ते त्याआधीचं आहे. ते खरं आहे. पण ते सदतीस वर्षं टिकलं असं मी तुला भासवलं, आणि गेल्या पत्रात तर तुझ्या अंगावर फेकलं. ते खोटं होतं. बाबांच्या हातातली चिठ्ठी तर मी ताक्यांमागून बघितलीच होती. टाळ्या मिळणारी गोष्ट इतक्यांदा सांगितली की खरी गोष्ट कोपऱ्यात जाऊन बसते. माझी बसली होती. तू विचारलंस आणि उठली.

आता कारण. एका दुपारी तुला बोलवायला आईने मला दुकानात पाठवलं. तू आत होतीस, बाईंना सांगत होतीस, की परीक्षा झाली की तू त्यांच्या ओळखीने मोठ्या शहरात शिवणाच्या शाळेत जाणार. बाई म्हणाल्या, "घरी सांगितलंस?" तू म्हणालीस, "बाबांना शेवटी सांगेन. धाकटीला तर अजिबात नको, ती भोकाड पसरेल." आणि दोघी हसलात.

ते हसणं मी घरापर्यंत घेऊन आले. भोकाड पसरलं नाही. तीन दिवस गप्प राहिले, आणि शुक्रवारी ते लिहिलं.

ताई, ती चिठ्ठी तुला होती. तू शेगडीपाशी वाचशील, तुला कळेल अक्षर कुणाचं, तुला कळेल मी खोटं लिहिलंय आणि का लिहिलंय. तू येशील, माझा कान पिरगाळशील, म्हणशील, "काय गं हे?" मग मी सांगेन की मला सोडून जाऊ नकोस. माझा बेत एवढाच होता. मारही खायची तयारी होती.

तू ती बाबांना वाचून दाखवलीस. बाकी कुणाला ती खरी वाटली असती, पण तुला नाही. तुला माहीत होतं डमी काय आहे आणि मी काय आहे. तरी वाचून दाखवलीस. मला याचं उत्तर दे म्हणणार नाही, कारण तू "घाबरले" एवढंच लिहिशील, आणि कदाचित तेवढंच खरं असेल. सोळा वर्षांच्या मुलीने एखादी चिठ्ठी लपवली आणि बाबांना कळलं, तर काय झालं असतं ते मला माहीत आहे.

तू शहरात गेली नाहीस. मला हवं होतं ते मिळालं. पण तू घरातच राहून माझ्याशी कधी नीट बोलली नाहीस, आणि त्या गावातून सुटले ती मीच.

परवा मी बाईंकडे जातेय. सगळं सांगणार आहे, माझं आणि तुझं दोन्ही. मग प्रकरण नव्याने लिहीन. तुला आवडो न आवडो.

धाकटी

२ ऑगस्ट

ताई,

जाऊन आले. दहा-बारा दिवस तुला लिहायचं टाळत होते. हातात पेन घेतलं की शिव्याच सुचायच्या.

तळमजल्यावरची खोली. खिडकीशी मशीन, त्यावर झाकण म्हणून जुना रुमाल. बाई खूप बारीक झाल्यात. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, पण माझा आवाज ऐकून म्हणाल्या, "धाकटी ना? ये. खुर्चीवरचे कपडे बाजूला ठेव, बस."

मी पाठ करून गेले होते. माझी जन्माची रोजीरोटी शब्दांवर, तरी पाठ केलं होतं. बसले आणि सांगून टाकलं. ती चिठ्ठी माझी, मी मुद्दाम लिहिली, डमी आहे हे माहीत असून लिहिली, तुमचं दुकान माझ्यामुळे गेलं. आणि रडले. रडायचं पाठ केलं नव्हतं.

बाईंनी माझा हात थोपटला. म्हणाल्या, "अगं, उगी. किती जिवाला लावून घेतेस. तुझ्या ताईने मला सगळं सांगितलंय."

मी म्हटलं, "काय सांगितलंय?"

"हेच की चिठ्ठी तिने लिहिली. तुमचे बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी आली होती, दारात उभी राहिली, आत यायला तयार नाही. म्हणाली, बाई, ते मी लिहिलं होतं. शहरात जायची भीती वाटत होती आणि तुम्हाला नाही म्हणवत नव्हतं, म्हणून. जळून जाईल असं वाटलं होतं, बाबांच्या हाती कशी गेली देव जाणे. मी वर्षभर तिच्याशी बोलले नाही, खोटं कशाला सांगू. पण ती येतच राहिली. एक गुरुवार सोडून एक. आता दहा वर्षं झाली."

दहा वर्षं, ताई.

मी म्हटलं, "बाई, नाही हो. ती मी लिहिली. देवाशप्पथ."

तर त्या हसल्या, अगदी मायेने. "ताई म्हणालीच होती गेल्या महिन्यात. धाकटी येईल बहुतेक, आणि म्हणेल मीच लिहिली. तिच्या पुस्तकांनी तिच्या डोक्याचं असं झालंय, तिला वाटतं सगळं तिनेच लिहिलंय."

गेल्या महिन्यात! म्हणजे माझं पत्र मिळाल्यावर. मी जाणार हे मीच तुला कळवलं, आणि तू माझ्याआधी तिथे जाऊन माझं तोंड बंद करून आलीस.

त्या खुर्चीत बसून मला हळूहळू कळत गेलं. तू माझं पाप उचललंस, लोक म्हणतील केवढी थोर बहीण! मला थोर वाटली नाहीस. माझं पाप लहान होतं. जळणाऱ्या कागदावर थाप मारणं, पोरीचं पाप. कुणीही माफ करेल, बाईंनी केलंच. तुझं मोठं होतं. तू वाचायचीस, निवडायचीस, बापाच्या हाती द्यायचीस, आणि तोंडावर विचारल्यावर तुरपाई करत होतीस. त्यातलं एक अक्षर तू बाईंना सांगितलेलं नाहीस. "बाबांच्या हाती कशी गेली देव जाणे"! लहानपणी मी वर्गातल्या मुलींची पापं उसनी घ्यायचे म्हटलं ना? तू माझं उसनं घेतलंस आणि स्वतःचं झाकलंस.

सांगणार होते त्यांना. तोंड उघडलंच होतं. म्हटलं, "बाई, चिठ्ठ्या कोण वाचायचं तुम्हाला ठाऊक आहे का?"

त्या म्हणाल्या, "थांब हं, आधी मला ती उशी दे."

खिडकीत टाचण्यांची उशी होती. तिच्यात सुया होत्या, प्रत्येकीत दोरा ओवलेला. पांढरा, काळा, तपकिरी, रांगेत. बाईंनी बोटाने चाचपून एक काढली आणि मांडीवरच्या पोलक्याला काज करायला लागल्या. बघायची गरजच नव्हती. म्हणाल्या, "ओवता येत नाही आता. ताई आली की वीस ओवून ठेवते, दोन आठवडे पुरतात. ती नसती तर मी हात मांडीवर ठेवून बसले असते. हं, काय विचारत होतीस?"

मी म्हटलं, "काही नाही."

मला मोठं मन दाखवायचं नव्हतं. मला माफी हवी होती, ताई. फार हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा एक खरी गोष्ट जिला सांगायची तिला सांगितली, आणि ती तिने खोटी ठरवून माझी समजूत घातली. त्या माणसाकडून मला मिळायचं होतं ते तू दहा वर्षांपूर्वीच माझ्या पापावर उचलून नेलंस. ते परत मिळवायचं तर मला तुला तिथून काढावं लागेल. एकदा काढलं होतं. ते जमतं मला, हे मला माहीत आहे.

प्रकाशकाला काल जुनंच प्रकरण पाठवून दिलं. धुराचं. लोक पुन्हा तेच विचारतील आणि मी पुन्हा तेच सांगेन, आणि दर वेळी मला माहीत असेल. त्याला काही इलाज नाही. खरं छापलं तर भाची ते बाईंना फोनवर वाचून दाखवेल.

मला पत्र लिहू नकोस. आभार तर मुळीच मानू नकोस. तू मला दोनदा विकलंस, एकदा सोळाव्या वर्षी आणि एकदा त्रेपन्नाव्या वर्षी. पहिलं मी समजू शकते. दुसरं समजत नाही, आणि त्याचा राग जाईल असं वाटत नाही.

मी निघाले तेव्हा उशीत सात सुया उरल्या होत्या, त्यांत काळी एकच. गुरुवार चुकवू नकोस.

धाकटी